उतार, तरी आणि पूल : भीमाकाठचा तीर्थविचार

तीर्थ या शब्दाचा पहिला अर्थ देव नाही, देऊळ नाही आणि पवित्र पाणीही नाही. तरून जाणे या अर्थाच्या ‘तॄ’ धातूपासून तो आला. नदी जिथे पायी किंवा नावेने ओलांडता येते ती जागा म्हणजे तीर्थ. मराठीत अशा जागेला उतार म्हणतात. तरी, तारू, तारक आणि अवतार हे शब्दही त्याच घरातले. जैन परंपरेत मोक्षाचा मार्ग दाखवणाऱ्याला तीर्थंकर, म्हणजे उतार तयार करणारा, असे नाव मिळाले. गुरूही पलीकडे नेतो म्हणून त्यालाही तीर्थ म्हणत, आणि एका गुरूचे शिष्य एकमेकांचे सतीर्थ्य ठरत. मराठीने या शब्दाला आणखी जवळ आणले. वडिलांना लिहायच्या पत्राची सुरुवात ‘तीर्थरूप’ अशी होऊ लागली, आणि पुजाऱ्याने पळीने उजव्या तळहातावर घातलेले, ओठाला लावून उरलेला ओलावा डोक्यावरून फिरवायचे ते घोटभर पाणीही तीर्थच झाले.

शब्दाच्या या प्रवासातून एक जुना प्रश्न उभा राहतो. तीर्थ ओलांडण्यात आहे, की पलीकडे पोचण्यात? पुण्य वाटेला आहे, पाण्याला आहे, की काठावरच्या देवाला? ग्रंथांत हा प्रश्न शास्त्रार्थाचा आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, शिरूर आणि दौंड तालुक्यांत, तो रोजच्या येण्याजाण्याचा आहे, कारण इथल्या गावांचा इतिहास मुळात नदी ओलांडण्याचा इतिहास आहे.

भीमाशंकरला उगम पावलेली भीमा तुळापूरला इंद्रायणीला घेते, कोरेगावावरून पुढे येते, रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठेचे पाणी पोटात घेते आणि दौंडकडे वळते. वाटेत बऱ्याच अंतरापर्यंत अलीकडे शिरूर आणि पलीकडे दौंड, अशी ती दोन तालुक्यांची शीव आहे. शिरूर शहर घोड नदीवर आहे, इतके की गावाला घोडनदी असेच नाव पडले. उन्हाळ्यात या नद्या गुडघाभर पाण्यातून ओलांडता येत. पावसाळ्यात मात्र तरीशिवाय इलाज नसे, आणि पूर असला की तरीही बंद. पलीकडच्या गावात दिलेली लेक, अलीकडचा आठवडी बाजार, नदीपल्याडची जमीन, सगळे त्या एका होडीवर अवलंबून. कोकणातल्या बंदराला समुद्राने जे दिले ते इथल्या काठच्या गावांना उताराने दिले: परक्या माणसाची सवय, बातमी आणि थोडे जास्तीचे उत्पन्न.

या उतारांतला सर्वांत नावाजलेला म्हणजे शिरापूर–सिद्धटेक. शिरापूर दक्षिण काठावर, दौंड तालुक्यात. सिद्धटेक उत्तर काठावर, कर्जत तालुक्यात. अष्टविनायकांतला हा सिद्धिविनायक. आठांतली उजव्या सोंडेची मूर्ती ही एकटीच, म्हणून तिचे सोवळे कडक मानले जाते. दौंड स्टेशनला उतरायचे, शिरापूरपर्यंत रस्त्याने जायचे आणि पुढे होडी धरायची, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची यात्रेची रीत होती. होडी टाळायची तर पेडगाव, श्रीगोंद्याकडून लांबचा वळसा पडे. होडी काठाला टेकली की नावाडी बांबू गाळात रोवून ती धरून ठेवी. चढणारा वहाणा हातात घेई, म्हातारीला दोघे जण दंडाला धरून आत घेत, पोरांना मध्यभागी बसवत. मग बांबू उपसला जाई आणि क्षणभर बोलणे थांबे. समोरच्या टेकडीवर कळस दिसत असे आणि खाली पाणी किती खोल हे कोणालाच दिसत नसे. देवाचे नाव अशा वेळी सवयीने घेतले जात नाही, गरजेने घेतले जाते.

स्थळाची कथाही अडण्याचीच आहे. मधु आणि कैटभ या दैत्यांशी विष्णू लढत राहिला, पण त्यांचा पराभव होईना. युद्धाआधी गणेशाला वंदन करायचे राहिले, हे शंकराने दाखवून दिले. मग विष्णूने या टेकडीवर आराधना केली, त्याला सिद्धी मिळाली आणि काम पुढे गेले. सर्वसमर्थ देवाचेही एके ठिकाणी अडते, ही कल्पना नदीकाठी सुचावी यात नवल नाही. विघ्न म्हणजे मुळात वाटेतली अडचण. जिथे वाट पाण्याशी येऊन संपते तिथे विघ्नहर्त्याचे ठाणे असणे हे पुराणापेक्षाही भूगोलाला धरून आहे.

आजचे देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या काळातले. देवळाकडची फरसबंद वाट पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांच्या नावे सांगतात. त्यांचा अधिकार गेला होता, त्यांनी एकवीस दिवस रोज एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि पद परत मिळाले, अशी आख्यायिका आहे. इथली प्रदक्षिणा टेकडीला वळसा घालून करावी लागते, म्हणून ती कष्टाची. १७९४ साली हरिपंतांचा मृत्यू सिद्धटेकलाच झाला. पद मिळवण्यासाठी जिथे फेऱ्या घातल्या त्याच काठावर त्यांनी शेवटचा श्वास घेतला. तीर्थाचे दोन्ही अर्थ, अडचण ओलांडणे आणि संसार ओलांडणे, एका माणसाच्या चरित्रात इतके जवळ क्वचितच आलेले दिसतात.

भीमेच्या या पट्ट्यात दुसरा उतार आला तो लोखंडाचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५८ साली पुण्याला पोचला आणि त्याच साली तो दौंडवरून भीमाकाठच्या डिकसळपर्यंत गेला. १८७८ साली दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि नदीकाठचे एक गाव उत्तर व दक्षिण हिंदुस्थानला जोडणारे जंक्शन बनले. इंग्रजी कागदांत त्याचे ‘धोंड’ झाले. १९१४ साली बारामतीची नॅरोगेज गाडी आली. वाफेच्या इंजिनांबरोबर ड्रायव्हर, फायरमन, गार्ड आले. अँग्लो-इंडियन, गोव्याचे, दक्षिणेकडचे लोक आले. रेल्वेची वसाहत झाली, तिच्याबरोबर चर्च आले. पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. तेवढ्या वेळात फलाट जागा होई. इंजिन न बदलता गाडी पुढे नेणारी कॉर्ड लाइन झाल्यावर अनेक गाड्यांचा तो थांबा उरला नाही.

मराठीने रेल्वेच्या प्रवाशाला नवा शब्द शोधला नाही. नदीच्या उतारावरचा शब्द तिने उचलून फलाटावर आणला आणि गाडीतल्या माणसाला उतारू म्हटले. भाषेने इथे एक मत दिले आहे आणि ते मोलाचे आहे. उतार हे मुक्कामाचे ठिकाण नव्हे. जंक्शनला कोणी जंक्शनसाठी येत नाही. तीर्थाचेही मूळ तेच: ते पोचायचे गाव नसून पलीकडे जायची जागा आहे.

पण मग उतारावर राहणाऱ्याचे काय? यात्रेकरू जन्मात एकदा नदी ओलांडतो, नावाडी दिवसात वीसदा. त्याला पुण्य किती? धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत याला लागू पडणारा हिशेब सापडतो. दुसऱ्यासाठी म्हणून तीर्थाला जाणाऱ्याला सोळावा हिस्सा फळ मिळते, आणि दुसऱ्या कामाच्या निमित्ताने जाता जाता तीर्थ घडले तर अर्धे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ साली निघाला. तीर्थयात्रेचा असा सगळा विचार त्यात एकत्र वाचायला मिळतो. या हिशेबाने नावाडी फारतर सोळाव्या हिश्श्याचा धनी. कीर्तनकारांनी मात्र हा हिशेब कधी मानला नाही. गंगेच्या काठचा नावाडी केवट रामाकडून उतराई घेत नाही, तुमचा आमचा धंदा एकच, असे सांगतो. तो नदी उतरवतो, राम भवसागर उतरवतो. महाभारताच्या कर्त्याची जन्मकथाही तरीवरची. यमुनेवर होडी चालवणारी सत्यवती ही व्यासांची आई. ज्या ग्रंथाच्या वनपर्वात तीर्थांची लांबलचक यादी आहे, त्याचा कर्ता तरीवालीचा मुलगा आहे. याचा अर्थ लावताना सोळाव्या हिश्श्याचे गणित टिकत नाही. दुसऱ्याला पलीकडे नेणे हे तीर्थाचे दुय्यम काम नसून तेच तीर्थ आहे, असे मानायला परंपरेतच आधार आहे.

वनपर्वाने तीर्थयात्रेला दिलेले कारणही इथे महत्त्वाचे. यज्ञाला साधने लागतात, ती राजाला परवडतात. गरिबाला जे करता येईल असे पुण्य म्हणजे तीर्थयात्रा. आणि लगेच अट आहे की हात, पाय आणि मन ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच तीर्थाचे फळ मिळते. पुराणांनी पुढे सत्य, क्षमा, दया, दान यांनाच तीर्थ म्हटले आणि मन शुद्ध नसेल तर शंभर स्नानांनीही काही होत नाही, असे बजावले. पाण्यातले मासेही पाण्यातच जन्मतात आणि मरतात, ते काही स्वर्गाला जात नाहीत, हा युक्तिवाद जुनाच आहे. मराठी संतांनी तो अधिक धारदार केला. तरीही त्यांनी चालणे सोडले नाही. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केलेला पालखी सोहळा दर आषाढात दौंड तालुक्यातून जातो. यवतला मुक्काम असतो आणि हजारो माणसांना पिठलं-भाकरी वाढली जाते. घराघरांत भाकऱ्या थापल्या जातात, कापडात बांधून आणल्या जातात. पुढे वरवंडचा मुक्काम, मग रोटी घाट. वारीने प्रश्नाचे उत्तर शब्दांत न देता पायांनी दिले. तीर्थ पंढरपूरला आहे खरे, पण यवतच्या बाईला ते तिच्या परातीत भेटते.

या उत्तराने समाधान न झालेली एक थोर व्यक्तीही याच तालुक्यात येऊन स्थिरावली. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर त्यांचे सारे बालपण तीर्थयात्रेत गेले. पुराणे सांगायची, नद्यांत स्नाने करायची, दानधर्म करायचा, पुढच्या क्षेत्राला चालू लागायचे. दुष्काळात पैसे संपले, अन्न संपले, आणि आईवडील व थोरली बहीण एकामागून एक गेली. एवढ्या तीर्थांतून एकही कामाला आले नाही, हा त्यांचा अनुभव होता आणि तो कोणत्याही पंडिताला सहज बाजूला सारता येणारा नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात होरपळलेल्या स्त्रिया आणि मुली त्यांनी गोळा केल्या आणि दौंडच्या अलीकडे, रेल्वेमार्गावरच्या केडगावला, मुक्ति सदन उभे केले. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी तिथेच पूर्ण केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले. त्याच केडगावात, तुकोबांच्या पुत्राहून वेगळ्या अशा, नारायण महाराजांचे बेट आहे, दत्ताचे देऊळ आहे. तीर्थ नाकारणारी बाई आणि तीर्थ उभारणारे महाराज एकाच स्टेशनाला उतरले.

रमाबाईंच्या आक्षेपाला एकच प्रामाणिक उत्तर आहे. जे तीर्थ दुसऱ्याला पलीकडे नेत नाही, त्याने स्वतःचा शब्दार्थ गमावलेला आहे. उपाशी कुटुंबाला काठावर ठेवून दक्षिणा घेणारे क्षेत्र हे उतार नव्हे. उलट मुक्ति सदनात टाकलेल्या मुलीला अक्षर आणि हाताला काम मिळाले, तेव्हा तिथे उतार झाला. रमाबाईंना हा शब्द आवडला नसता; वस्तुस्थिती मात्र तीच आहे.

शिरूरच्या बाजूला प्रश्नाचे आणखी एक अंग दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घोडनदीला इंग्रजांची छावणी होती. तिथला कर्नल वॉलेस १८०९ साली वारला. गावकऱ्यांनी त्याला सत्पुरुष मानले, आणि १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नोंद आहे की सुगीत लोक त्याच्या थडग्याला नव्या धान्याचा नैवेद्य आणत. राज्य घ्यायला आलेल्या परक्या सैन्यातला हा माणूस. त्याला देव्हाऱ्याच्या कडेला जागा देताना गावाने त्याचा धर्म विचारला नाही. अशा पूजेला भाबडेपणा म्हणून मोकळे होता येते. पण नदीकाठच्या गावाची ती सवय आहे: पलीकडून आलेल्याला त्याच्या वागण्यावरून जोखायचे.

याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री निघालेली तुकडी दुसऱ्या दिवशी भीमाकाठी कोरेगावला लढली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढाईच्या तिथल्या स्मारकस्तंभाला वंदन करायला आले, आणि तेव्हापासून त्या तारखेला तिथे येणाऱ्यांची संख्या वाढत लाखांवर गेली. तिथे मूर्ती नाही, स्नान नाही, नैवेद्य नाही. तरीही ती यात्रा आहे, कारण येणारा माणूस काही ओलांडायला येतो. त्याच १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. काठ सर्वांचा, पाणी सर्वांचे, असे म्हणणाऱ्या परंपरेत अनेकांना पाण्याजवळ येऊ दिले जात नव्हते. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. जो उतार काहींनाच उतरू देतो तो उतार नाही, हे विसाव्या शतकात पुन्हा सिद्ध करावे लागले.

आता शिरापूर आणि सिद्धटेक यांच्यामध्ये पूल आहे. मोटारी थेट पायथ्याशी जातात. आठ गणपती दोन-तीन दिवसांत आटोपतात. पुलाने तीर्थ संपवले, असे म्हणणारे आहेत. त्यांचे म्हणणे मान्य होण्यासारखे नाही. प्राचीन रोममध्ये पुरोहिताला पाँटिफेक्स म्हणत. या नावाचा रूढ अर्थ पूल बांधणारा असा सांगतात, आणि पोपच्या बिरुदात ते आजही आहे. आपल्याकडे पैठणहून काशीला गेलेल्या घराण्यातल्या नारायण भट्टांनी सोळाव्या शतकात प्रयाग, काशी आणि गया यांवर जो ग्रंथ लिहिला त्याचे नाव त्रिस्थलीसेतु, तीन स्थळांचा पूल. पूल ही तीर्थाचीच पुढची पायरी आहे. बाळंतीण, आजारी माणूस, शाळेतले मूल पुरातही पलीकडे जाऊ शकते, यापेक्षा मोठी तीर्थसेवा कोणती? होडीत बांबू उपसल्यावर पडणारी ती शांतता मात्र पुलावर नाही, आणि हे नुकसान खरे आहे.

धोका वेगळ्या बाजूने आला आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा दौंड तालुक्याच्या पूर्वेच्या गावांपर्यंत येतो. वाहती भीमा तिथे थांबलेली आहे. मासेमारीच्या होड्यांबरोबर वाळू उपसणाऱ्या यांत्रिक बोटी आल्या. महसूल खात्याची पथके त्या फोडतात आणि नव्या पुन्हा उभ्या राहतात. त्याहून गंभीर म्हणजे पाण्याची अवस्था. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी, पुरेशा शुद्धीकरणाविना, मुळा-मुठा आणि इंद्रायणीतून याच नदीत उतरते. जलपर्णीचे हिरवे गालिचे त्यावरच पोसतात.

शास्त्र या बाबतीत संदिग्ध नाही. पाण्यात मल, मूत्र, थुंकी, घाण टाकू नये, हा नियम मनुस्मृतीतही आहे आणि तीर्थासंबंधी पुराणांनी तो पुन्हा पुन्हा सांगितला आहे. तीर्थाने माणसाला शुद्ध करावे ही श्रद्धा. माणसाने तीर्थाला अशुद्ध करू नये हे कर्तव्य. कर्तव्य मोडून श्रद्धा राखता येत नाही. यात जात, पंथ, आस्तिक, नास्तिक असा भेद करायला जागाच नाही, कारण पुण्याच्या संडासातून निघालेले पाणी कोणाचे हे नदीला कळत नाही.

आषाढीच्या आधी उजनीतून नदीत पाणी सोडतात. ते पंढरपूरला पोचले की भीमेला चंद्रभागा म्हणतात. देहूहून यवत, वरवंडमार्गे चालत आलेला वारकरी त्यात उतरतो आणि ओंजळभर पाणी तोंडाला लावतो. ते पाणी पुण्याहून, रांजणगाव सांडसवरून, दौंडच्या पुलाखालून आणि सिद्धटेकच्या पायथ्यावरून आलेले असते.